छेदातला हायड्रोजन

निऑन मोजणं त्यामानाने सोपं. अवघड आहे ते, ज्याच्या मानाने निऑनचं प्रमाण काढायचं तो हायड्रोजन मोजणं. मृग नक्षत्रातल्या मोठ्या तेजोमेघाचे, म्हणजे चमकणाऱ्या वायूच्या ढगाचे, अवरक्त (लालच्या पलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचे) वर्णपट घेऊन मी आणि माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी अमळनेरला कामाला बसलो, त्यातून मला कळलेली मुख्य गोष्ट ही. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या, पण हाताशी दुर्बीण नसलेल्या कुणालाही हे काम करता येण्याजोगं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी प्रश्न काय होता ते. हायड्रोजन आणि हेलियम सोडले तर जवळपास सगळी जड मूलद्रव्यं ताऱ्यांनी घडवली आहेत. तारा संपताना ती बाहेर पडतात आणि पुढचे तारे ज्या ढगातून जन्मतात त्यात मिसळतात. म्हणून नवे तारे जन्मत असलेल्या तेजोमेघात ऑक्सिजन, निऑन, गंधक किती आहे हे कळलं, की त्या भागात आजवर काय घडून गेलं याचा हिशेब लावता येतो. त्यातही निऑनचं महत्त्व वेगळं आहे. प्रत्येक मूलद्रव्य वर्णपटात ठरावीक तरंगलांबीला आपल्या ओळखीच्या रेघा उमटवतं, पण सूर्याच्या पृष्ठभागाच्या वर्णपटात निऑनची रेघच सापडत नाही. तिथलं तापमान तिच्यासाठी फार कमी आहे. सूर्यातलं निऑन सौरवारा आणि सूर्याभोवतीचं प्रभामंडळ यांच्यावरून आडवळणाने काढावं लागतं, आणि त्या आकड्यावर अभ्यासकांचं अजून पुरतं एकमत नाही. मृगातला तेजोमेघ मात्र आपल्यापासून जेमतेम १,३५० प्रकाशवर्षांवर. निऑन निष्क्रिय वायू असल्यामुळे धुळीच्या कणांना चिकटून हरवत नाही. जे आहे ते सगळं वायूत, उजेडात.

हे सगळं साध्या दृश्य प्रकाशात का करायचं नाही, हा विद्यार्थिनीचा पहिला प्रश्न होता, आणि तो रास्त होता. तेजोमेघांची सर्वांत प्रसिद्ध हिरवी रेघ, ५००७ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. ती उजळायला इलेक्ट्रॉनची धडक चांगली जोरदार लागते, अडीच इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेची. तेजोमेघाचं तापमान आठ ते दहा हजार केल्विन. तिथला सरासरी इलेक्ट्रॉन या ऊर्जेच्या जेमतेम निम्म्याचा धनी असतो. त्यामुळे तापमान थोडं जरी इकडेतिकडे झालं तरी रेघ भलतीच बदलते. आम्ही गणित करून पाहिलं: ८,००० वरून ९,००० केल्विनला गेलं की तेवढ्याच ऑक्सिजनमधून ही रेघ सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. आणि तेजोमेघात तापमान सगळीकडे सारखं असेलच असं नाही. खगोलशास्त्रज्ञ मॅन्युएल पेइम्बर्ट यांनी १९६७ सालीच हे दाखवून दिलं होतं, आणि तेव्हापासूनचा तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

अवरक्तातल्या रेघांना एवढी धडक लागत नाही. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनची १२.८१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीची रेघ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दहाव्या हिश्शात उजळते. एवढी ऊर्जा तिथल्या जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या खिशात असते. तेच ८,००० ते ९,००० चं गणित या रेघेसाठी केलं तर ती पाच टक्केही हलत नाही. शिवाय अवरक्त किरण धुळीतून बरेच सुखरूप बाहेर येतात. फळ्यावर ही दोन गणितं शेजारी शेजारी मांडली आणि मुलगी म्हणाली, "मॅडम, मग हेच करू." विषय तिथे ठरला.

अवरक्ताची अडचण ही, की जमिनीवरून ते मोजणं फार कठीण. साधारण तीनशे केल्विनची कुठलीही वस्तू दहा मायक्रॉनच्या आसपासच सर्वाधिक तळपते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा भिंत, पत्रा, रस्ता, माणूस, सगळं याच तरंगलांबीला पेटलेलं असतं. दुर्बिणीची नळी आणि वरची हवासुद्धा. बरीचशी तरंगलांबी तर हवेतली वाफच गिळून टाकते. म्हणून २५ ऑगस्ट २००३ रोजी ८५ सेंटिमीटर आरशाची स्पिट्झर दुर्बीण अवकाशात गेली. द्रवरूप हेलियमने ती उणे २६० अंशांच्याही खाली थंड ठेवली होती. मे २००९ मध्ये हेलियम संपलं आणि तिचा वर्णपटमापक थांबला. जानेवारी २०२० मध्ये दुर्बीणही बंद केली. पण तिने घेतलेली सगळी निरीक्षणं अमेरिकेत पॅसाडेनाच्या संग्रहात आहेत आणि कुणीही, कुठूनही, फुकट उतरवून घेऊ शकतं. चाळीसगावजवळ पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. अभ्यासासाठी काही मोकळं ठेवून जाणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो, मग ते बाराव्या-तेराव्या शतकातले असोत की आत्ताचे.

आम्ही निवडली ती स्पिट्झरची निरीक्षणं खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट रुबिन आणि सहकाऱ्यांची. तेजोमेघाच्या मधोमध थीटा-१ ओरायनिस सी नावाचा प्रखर तारा आहे. सगळा ढग मुख्यतः त्याच्या अतिनील प्रकाशाने उजळलेला. तिथून आग्नेयेला, ढगातच दिसणाऱ्या एका तेजस्वी पट्ट्याच्या पलीकडे, एका रेषेत ११ जागा त्यांनी घेतल्या होत्या. ताऱ्यापासून २.६ कलांपासून ते १२.१ कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). निष्कर्ष २०११ साली छापून आले आहेत, म्हणजे आमचं उत्तर पडताळून पाहायची सोय होती. नव्या माणसाने असंच काहीतरी निवडावं असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही अशा वर्णपटावर हात बसत नाही.

फाइली उतरवण्याबद्दल फार लिहीत नाही. मोबाइलचं हॉटस्पॉट, मध्येच जाणारी लाइट, पुन्हा सुरू केलेलं डाउनलोड. हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत मुलगी पारोळ्याकडच्या तिच्या गावी जायची, तेव्हा काम तेवढं थांबायचं. तिच्या वडिलांना शेतीची लाइट रात्रीची असते. हरभऱ्याला पाणी भरायला जाताना मृग कुठे आला यावरून त्यांना वेळ कळते, हे तिने मला सांगितलं. आपण ज्याचे पिक्सेल साफ करतोय ते घरचे लोक रोज पाहतात, याचा तिला फार आनंद होता.

पिक्सेल साफ करणं हेच खरं तर कामाचं पोट आहे. वर्णपटमापकाचा लहान तरंगलांबीचा भाग १२८ गुणिले १२८ पिक्सेलचा. त्यावर वर्णपट सरळ एका पट्टीत पडत नाही. ११ ते २० क्रमांकांच्या वाकड्या पट्ट्यांत तुटून शेजारी शेजारी पडतो. अवकाशातल्या कणांच्या माऱ्याने वर्षानुवर्षं काही पिक्सेल बिघडत गेलेले. ते कधी प्रकाश नसताना उजळतात, कधी एका निरीक्षणात शहाण्यासारखे वागतात आणि पुढच्यात नाही. दुर्बिणीच्या लोकांनी बिघडलेल्या पिक्सेलची यादी दिलेली आहे, पण तिच्यावर विसंबून भागत नाही. एकाच जागेच्या सगळ्या फ्रेम एकाखाली एक लावून, जो पिक्सेल एकटाच वेगळं बोलतो तो शोधायचा, खूण करायची, शेजाऱ्यांवरून त्याची किंमत भरायची. मुलीची नजर या कामात माझ्यापेक्षा तेज निघाली. ती पडद्यावर बोट ठेवून म्हणायची, "हा खोटा आहे," आणि पडताळल्यावर बहुतेक वेळा तो खोटाच असायचा.

मग रेघा दिसू लागल्या. १०.५१ ला तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं गंधक, १२.८१ आणि १५.५६ ला निऑन, १८.७१ ला दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं गंधक. लांब तरंगलांबीच्या भागात २२.९३ ला लोह, ३३.४८ ला पुन्हा गंधक, ३४.८२ ला सिलिकॉन. पहिल्यांदा हे पाहताना अंगावर काटा येतो. निऑनची रेघ तर सुळक्यासारखी उभी. तिच्या पायथ्याशी १२.७ मायक्रॉनला कार्बनी रेणूंचा एक रुंद उंचवटा असतो. तो आधी आधाररेषेत (रेघ नसती तर वर्णपट जिथे असता ती रेषा) धरून वजा करावा लागतो, नाहीतर निऑनच्या पदरात नसलेला प्रकाश पडतो.

आणि हायड्रोजन? तो १२.३७ मायक्रॉनला, निऑनच्या अगदी डाव्या हाताला. अणूतल्या सातव्या ऊर्जा-पातळीवरून सहाव्या पातळीवर उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनची ही रेघ. ढगात निऑनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे दहा हजार अणू, आणि तरी बाहेरच्या जागांवर निऑनची रेघ हायड्रोजनच्या रेघेपेक्षा चाळीस-पन्नास पट तेजस्वी! कारण दोघांची उजळण्याची रीतच निराळी आहे. निऑनच्या आयनाला जाता येता कुठलाही इलेक्ट्रॉन धक्का देतो आणि तो आयन ती ऊर्जा जवळपास नेहमी त्याच एका रेघेतून परत देतो. हायड्रोजनला मात्र आधी इलेक्ट्रॉन पकडावा लागतो, आणि हे क्वचित घडतं. पकडलेला इलेक्ट्रॉन पातळ्या उतरत खाली येताना शेकडो वाटांपैकी एक घेतो; त्याची बहुतेक ऊर्जा दृश्य आणि अतिनील प्रकाशात निघून जाते. सातव्यावरून सहाव्यावर येणारे थोडेच, आणि त्यांच्या पदरची ऊर्जाही किरकोळ.

एवढ्यावरही भागत नाही. १२.३७ च्या रेघेला चिकटूनच, १२.३९ ला, हायड्रोजनचीच अकराव्यावरून आठव्यावर येणारी रेघ आहे. या उपकरणाला दोन्ही वेगळ्या दिसत नाहीत. एकच थोडा तिरपा उंचवटा दिसतो. स्टोरी आणि हमर यांच्या १९९५ च्या तक्त्यांवरून दुसरीचा वाटा, साधारण दहावा हिस्सा, काढून टाकायचा. दुसऱ्या बाजूला १२.२८ ला रेण्वीय, म्हणजे दोन अणूंच्या जोडीतल्या, हायड्रोजनची रेघ. या दोघींमधल्या चिंचोळ्या जागेत आधाररेषा कुठून ओढायची यावर आमची बरीच चर्चा झाली. ती रेषा केसभर वर सरकवली की हायड्रोजन कमी होतो, आणि हायड्रोजन छेदात असल्यामुळे निऑनचं प्रमाण लगेच वाढतं. अंश कितीही चोख मोजा, छेद डळमळला की अपूर्णांक डळमळतो. शेवटी आम्ही आधाररेषा अनेक तऱ्हांनी ओढली, प्रत्येक वेळचं उत्तर लिहून ठेवलं आणि त्या उत्तरांचा पसारा हीच आमची अनिश्चितता मानली. एकाच सुंदर वक्रावर समाधान मानण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे, असं मला वाटतं.

एका संध्याकाळी माय शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आठे बशीसन तठलं कसं समजस वं तुले?" मी तिला जळगावच्या सराफ बाजारातलं टंच काढायचं यंत्र आठवून दिलं. मागे तिची पोत तिथे तपासली होती: दागिना न वितळवता नुसते क्ष-किरण टाकले, सोनं, चांदी, तांबं यांनी आपापल्या ओळखीचे किरण परत दिले आणि पडद्यावर टक्के उमटले. इथेही अणू आपली ओळख किरणांतूनच देतात. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग विचारलं, "पन कितलामा कितलं?" म्हणजे कितीत किती? नेमका हाच मुद्दा होता. यंत्राला दागिन्यातले सगळे धातू दिसतात, म्हणून बेरीज शंभर धरून टक्के निघतात. आमच्या ढगात ज्याच्या मानाने सगळं मोजायचं तोच सर्वांत मंद दिसतो. रोजच्या वर्गात हा मुद्दा एवढ्या थोड्या शब्दांत मला कधी मांडता आला नव्हता.

हायड्रोजन मोजायची दुसरी वाटही आहे: मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या रेडिओ उत्सर्जनावरून. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने ताऱ्यांच्या अशा जन्मस्थळांचे पुष्कळ नकाशे केले आहेत. पण स्पिट्झरच्या फटीतून दिसणारा आकाशाचा तुकडा जेमतेम ४.७ गुणिले ११.३ विकलांचा (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), नेमक्या तेवढ्याच तुकड्याचं रेडिओ मोजमाप जुळवणं हे वेगळंच काम झालं असतं. १२.३७ आणि १२.८१ एकाच फटीतून, एकाच वेळी, एवढ्या जवळच्या तरंगलांबीला मिळतात. धुळीने जे काही अडवलं असेल ते दोघांचं सारखंच अडवलं. हा फायदा आम्हाला सोडवेना.

पुढचा हिशेब संगणकाने केला. पायनेब नावाचं पायथॉनमधलं मोफत पॅकेज आहे. घनता आणि तापमान दिलं की एका आयनाकडून किती उजेड यायला हवा ते ते सांगतं. घनता आम्ही गंधकाच्या १८.७१ आणि ३३.४८ या दोन रेघांच्या गुणोत्तरावरून काढली. दाट जागी पहिली वरचढ होते, विरळ जागी दुसरी. दोन्ही रेघा उपकरणाच्या वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या मापाच्या फटींतून येतात; पण मूळ निरीक्षकांनी दोन्हींनी एकच क्षेत्र झाकलं जावं अशी जाळी आखली होती, म्हणून गुणोत्तर विश्वासाने घेता आलं. निऑनच्या रेघेवर घनतेचा परिणाम व्हायला दर घनसेंटिमीटरला काही लाख इलेक्ट्रॉन लागतात, तेवढी दाटी इथे नाही. तापमान दृश्य प्रकाशातल्या छापील निरीक्षणांवरून घेतलं. हायड्रोजनची रेघ तापमानाबरोबर थोडी मंदावते, त्यामुळे हजार केल्विनच्या फरकाने निऑनचं प्रमाण आठ-दहा टक्के हलतं. ऑक्सिजनच्या हिरव्या रेघेपुढे हे काहीच नाही.

मग तो तक्ता तयार झाला, जो मी अजून वर्गात दाखवते. आतल्या जागांपासून बाहेरच्या जागांकडे जावं तसं दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं निऑन घटत जातं, कारण दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४०.९६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रकाशकण लागतो आणि ताऱ्यापासून दूर तसे कण उरत नाहीत. एक इलेक्ट्रॉन गमावलेलं निऑन त्याच मानाने वाढतं. तिसरा इलेक्ट्रॉन काढणं या ताऱ्याच्या आवाक्याबाहेरचं. दोन स्तंभ उलटसुलट दिशांना जातात आणि त्यांची बेरीज जागोजाग जवळपास तीच राहते. रुबिन यांच्या लेखात हायड्रोजनच्या मानाने निऑनचं प्रमाण १.०१ गुणिले दहाचा उणे चौथा घात, म्हणजे दहा हजारांमागे एक, असं आहे. आमची उत्तरं त्याच्याच आसपास आली. बेरजेचा स्तंभ पूर्ण झाला तेव्हा मुलीने तो वरून खाली दोनदा वाचला. मलाही बोलायला शब्द सुचले नाहीत.

गंधकाचं एवढं सरळ नाही. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या गंधकाची रेघ स्पिट्झरच्या पट्ट्यात नाहीच, त्यामुळे तो हिस्सा चिलीतून घेतलेल्या दृश्य वर्णपटांवरून उसना घ्यावा लागतो. तो मिळवून गंधक दहा लाखांमागे ७.६८ येतं, निऑन गंधकाच्या १३ पट. यात एक सोय अशी, की निऑन आणि गंधक यांचं आपसातलं गुणोत्तर काढताना हायड्रोजन लागतच नाही. जिथे १२.३७ ची रेघ गोंधळात बुडून गेली असेल अशा दूरच्या तेजोमेघांसाठी हाच मार्ग उरतो. पण हे वायूतलं गंधक झालं. थोडंफार धुळीत अडकलेलं असू शकतं, आणि निऑनचं जसं ठामपणे सांगता येतं तसं गंधकाचं सांगता येत नाही.

आता काम जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवर चालू आहे. मृगातल्या त्याच तेजस्वी पट्ट्याचे वर्णपट तिने घेतलेले आहेत आणि तेही सगळ्यांना खुले आहेत. तिचा मध्य-अवरक्त वर्णपटमापक २८ मायक्रॉनच्या आसपास थांबतो, म्हणून ३३.४८ ची गंधकाची रेघ हातची गेली आणि घनता दुसऱ्या कुठून तरी आणावी लागते. मोबदल्यात ७.४६ मायक्रॉनला हायड्रोजनची सहाव्यावरून पाचव्यावर येणारी, जास्त ठळक रेघ मिळते. आणि १२.३७ ची? वेबच्या वर्णपटात ती १२.३९ पासून सुटी दिसते, दोन वेगवेगळ्या टोकांनी. मुलगी आता नाशिकला नोकरी करते, पण रविवारी लॅपटॉप घेऊन बसतेच. तिचं सध्याचं म्हणणं असं, की हायड्रोजनच्या तिन्ही रेघांवरून छेद वेगवेगळा काढून पाहावा, आणि तो जुळला तरच लोहाकडे वळावं. २२.९३ ची लोहाची रेघ वायूतलं लोह तेवढं दाखवते. बहुतेक लोह धुळीत दडलेलं असतं. पट्ट्याजवळ ते किती सुटतं हे तिला पाहायचंय. पहिल्या दोन रेघांचं माप तिने मला कालच पाठवलं आहे, तिसरी मी मोजते आहे.